घरच्या सीएनसीला खरंच अर्थिंग मिळतंय का?

मागच्या पावसाळ्यात घरी बनवलेल्या सीएनसी राउटरच्या फ्रेमला हात लावला की मुंग्या यायच्या. टेस्टर टेकवला तर दिवा लागायचा. गंगापूर रोडवरची आमची इमारत जुनी, मशीन गॅलरीत, फरशी ओलसर आणि मी अनवाणी. वायर कुठे सोलली असेल म्हणून दोन दिवस सगळं उघडून पाहिलं. दोष मशीनमध्ये नव्हताच. भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला मागून हिरवी वायर जोडलेलीच नव्हती.

मग मुंग्या का? एसएमपीएसच्या इनपुटला फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा थोडासा करंट अर्थच्या वायरने निघून जातो. नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर जाऊन बसते. करंट एक मिलिॲम्पिअरहूनही कमी असतो, म्हणून नुसत्या मुंग्या.

पण उद्या कंपनाने फेजची वायर सैल होऊन फ्रेमला टेकली तर? एमसीबी पडणार नाही, कारण करंटला परतीची वाटच नाही. ती वाट आपण हात लावल्यावर तयार होते.

एका वायरमनने सुचवलं, "सॉकेटमध्येच अर्थ न्यूट्रलला जोडून देतो." हे अजिबात करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला की पूर्ण फेज तुमच्या फ्रेमवर येतो. मी मेन बोर्डापासून नवीन अर्थची वायर ओढून घेतली आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. कमकुवत अर्थिंगवरही तो फेज-अर्थमध्ये २३० दाखवतो. अर्थ टेस्टर असलेल्या लायसन्सधारक वायरमनकडूनच तपासून घ्या.

सॉकेट दुरुस्त झालं तरी अर्धंच काम झालं. पॅनेलमध्ये अर्थसाठी एक जाड बोल्ट ठेवा आणि प्रत्येक भागाची हिरवी वायर थेट तिथे आणा. फ्रेमवर लग लावताना खालचा पेंट खरवडा, दातेरी वॉशर घाला. गॅन्ट्री रेलवर बसलेली असली तरी तिला वेगळी वायर हवीच. ग्रीस लावलेल्या बेअरिंगमधून अर्थ मिळेल यावर भरवसा नको.

सगळ्यात फसवी जागा स्पिंडल. बऱ्याच स्वस्त चिनी स्पिंडलच्या प्लगला चार पिना असतात, पण चौथी आतून बॉडीला जोडलेलीच नसते. प्लग काढून चौथी पिन आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी तपासा. नसेल तर बॉडीवर लग लावून स्वतंत्र वायर द्या. केबल शील्डवाली घ्या, शील्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला जोडा. त्यामुळे लिमिट स्विच उगाच ट्रिगर होणंही बरंच कमी होतं.

व्हीएफडीमुळे आरसीसीबी अधूनमधून पडू शकतो. वैतागून तो बायपास करू नका. कोणता प्रकार चालेल ते व्हीएफडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. आणि साधा आरसीसीबी व्हीएफडीनंतरचा प्रत्येक दोष पकडेलच असं नाही, म्हणून तो अर्थिंगला पर्याय नाही.

लाल इमर्जन्सी बटण नुसतं कंट्रोलर बोर्डाच्या रिसेट पिनेला जोडलेलं बऱ्याच मशीनवर दिसतं. सॉफ्टवेअर अडकलं तर काय? बटणाचा नॉर्मली क्लोज्ड संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घाला. दाबलं की ड्रायव्हर आणि व्हीएफडी दोघांचा सप्लाय तुटतो. बटणाची वायर तुटली तरी मशीन थांबतं. स्पिंडल मात्र काही सेकंद फिरत राहतो, हात लगेच घालू नका.

प्लग काढल्यावरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त चार्ज उरलेला असतो. मी दहा मिनिटं थांबतो, मग डीसी टर्मिनलवर मीटर लावून आकडा खाली आलेला पाहतो आणि त्यानंतरच झाकण उघडून आत हात घालतो.