कपाटाच्या दाराला आरसा बसवताय? आधी त्याची पाठ पाहा

अमळनेरमध्ये घरीच सुतार बसवून कपाट करून घेताय आणि दाराला मोठा आरसा हवाय? मग पुढच्या चकाकीपेक्षा मागच्या बाजूकडे जास्त लक्ष द्या.

आरशावर काळे डाग आले की आपण ‘पारा उडाला’ म्हणतो. आजच्या आरशात पारा नसतोच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर चांदी चढवण्याची रीत शोधली, तेव्हापासून पारा मागे पडत गेला. चांदीचा हा थर अतिशय पातळ असतो, त्यावर संरक्षणाला रंग. काही सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. ते अ‍ॅसिटिक आम्ल असतं आणि ते चांदी खातं. म्हणून ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं असेल तरच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आता वजन. ४ मिमी जाडीचा आरसा चौरस मीटरला १० किलो भरतो. दोन बाय पाच फुटांच्या दारावर सव्वानऊ किलो काच! काचवाल्याकडून पूर्ण पाठीला सेफ्टी फिल्म लावून घ्या. काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात, अंगावर येत नाहीत. मात्र मग सिलिकॉन फिल्मला चिकटतं, काचेला नाही. त्यामुळे सगळा भार गोंदावर नको. खालून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवीच.

मागे सपाट, कोरडा प्लाय घ्या. सिलिकॉनच्या रेघा उभ्या ओढा, मध्ये हवा खेळली तरच ते सुकतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून चौकटीत चारही बाजूंनी २ मिमी मोकळे सोडा. दार निदान २४ तास आडवंच राहू द्या.