टेंभुर्णीच्या पानातलं पाणी

आकाराने लहान, किमतीला परवडणारा आणि चवीला भरपूर असा सिगार कसा ओळखावा, यावर जगभरचे शौकीन तासन्‌तास बोलू शकतात. बाहेरचं पान कुठलं, आतली तंबाखू किती मुरलेली, वळणाऱ्याचा हात कसा होता, किती दमट जागी ठेवला होता, असे त्यांचे प्रश्न असतात. आपल्या मुलखात हेच प्रश्न एका फार साध्या वस्तूला विचारता येतात, ती म्हणजे बिडी. ही जोडी मी ओढूनताणून लावत नाही. हाताने पान वळणाऱ्या कामगारांसाठी संसदेने १९६६ साली जो कायदा केला, त्याच्या नावातच बिडी आणि सिगार शेजारी शेजारी बसले आहेत.

बिडीची गोष्ट तंबाखूच्या शेतापासून सुरू करायची पद्धत आहे. मी ती जंगलापासून सुरू करतो, कारण बिडी चांगली की वाईट हे तंबाखूपेक्षा पानावर जास्त ठरतं असं माझं मत आहे. आणि पान चांगलं की वाईट हे त्यातल्या पाण्यावर ठरतं. ते पाणी कधी काढायचं, कधी परत द्यायचं आणि शेवटी कधी पुन्हा उडवायचं, याच क्रमाने पुढे जाऊ.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातलं मुकुटबन हल्ली कोळसा आणि सिमेंट यांमुळे ऐकिवात येतं. गावातून वणीकडून आदिलाबादला जाणारी रेल्वे जाते, दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. पण गावाच्या नावाने एक वनपरिक्षेत्र आहे आणि त्यातल्या सागाच्या कोरड्या जंगलात टेंभुर्णी आहे. कोणी तिला टेंभरू म्हणतं, वनखात्याच्या कागदावर ती तेंदू असते, नदीपलीकडचे तेलुगू लोक तुनिकी म्हणतात. हे आबनुसाच्या कुळातलं झाड. मोठं झालं की गाभा काळा पडतो, उन्हाळ्यात पिवळी, गोड-तुरट टेंभरं लागतात. बिडीला मात्र मोठ्या झाडाचं पान चालत नाही. ते लहान, जाड आणि ताठ असतं. बिडीला लागतं ते जमिनीतून नव्याने फुटलेल्या झुडपाचं पान, रुंद आणि मऊ.

म्हणून काम सुरू होतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. झुडपं जमिनीलगत छाटतात. पुढच्या दीड महिन्यात मुळांतला साठा नव्या फुटीला मिळतो आणि कोवळी, तांबूस पानं वर येतात. तांबूस असताना खुडलं तर पान वाळल्यावर कागदासारखं फाटतं. फार थांबलं तर चिवट होतं, शिरा जाड होतात, त्यावर किडीच्या गाठी उठतात. मधले थोडे दिवस असे असतात की रंग हिरव्यावर आलेला असतो आणि बोटाला पान अजून लवचीक लागतं. एप्रिलच्या अखेरीपासून पावसाआधीपर्यंत चालणारा हंगाम म्हणजे त्या थोड्या दिवसांचा पाठलाग.

छाटणीचे कष्ट वाचवायला काही ठिकाणी जंगलाला आग लावली जाते, कारण जळलेल्या जमिनीतूनही मुळांना धुमारे फुटतात. पान मिळतं खरं. पण त्या आगीत सागाची, मोहाची, अर्जुनाची रोपं जातात, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात, आणि पुढच्या वर्षी तीच जमीन अधिक कोरडी असते. चांगल्या पानासाठी छाटणी पुरेशी आहे. आगीचं समर्थन कुठल्याच हिशेबाने होत नाही.

खुडणी पहाटे होते. गोंड, कोलाम आणि इतर घरांतल्या बाया-माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात, कारण दहानंतरचं ऊन माणसालाही सोसत नाही आणि खुडलेल्या पानालाही नाही. पांढरकवडा भागातल्या या जंगलांत वाघ आहेत. झुडपाजवळ वाकून पान खुडणारी बाई दुरून उभ्या माणसासारखी दिसत नाही. तिचं लक्ष पानाकडे असतं आणि वेळ वाघाच्या हालचालीची असते. तेंदूच्या हंगामात विदर्भातून हल्ल्यांच्या बातम्या येतात त्यामागे हे साधं कारण आहे. गटाने जाणं, आवाज करत राहणं, एकटीने आत न शिरणं, एवढीच राखण तिच्या हाती असते.

दुपारी घरी पुडे बांधले जातात. पानं एकसारखी लावून, सत्तर पानांचा एक पुडा, सालीच्या वाकाने बांधलेला. घरातली म्हातारी माणसं आणि पोरंही या कामाला बसतात. महाराष्ट्रात अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात, म्हणजे ७०,००० पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान कोणीतरी देठाशी धरून वेगळं खुडलेलं. मजुरीचा भाव शंभर पुड्यांवर बोलला जातो. संध्याकाळी पुडे गावाजवळच्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या मोकळ्या मैदानावर जातात. तिथे मोजणी होते आणि पानाच्या आयुष्यातला पहिला कोरडा टप्पा सुरू होतो.

फळीवर पुडे ओळीने उन्हात मांडतात. काही दिवसांनी उलटवतात, म्हणजे दुसरी बाजू वाळते. इथे घाई केली तर आतल्या पानांत ओल राहते आणि गोणीत बुरशी धरते. वाळवणात अवकाळी पाऊस आला तर पानं काळी पडतात आणि भाव जातो. पूर्ण वाळलेलं पान मात्र इतकं ठिसूळ असतं की गोणीत कोंबताच चुरा होईल. म्हणून भरण्याआधी पुड्यांवर पाणी शिंपडतात. पान जरा नरम पडलं की गोणी भरायची, मग गोदाम. सिगारचे शौकीन ज्या दमटपणासाठी लाकडी पेट्या विकत घेतात, तो दमटपणा इथे उघड्या मैदानात, हाताच्या ओंजळीने, अंदाजाने दिला जातो.

हे पान कोणाचं, हा प्रश्नही जुना आहे. १९६९ च्या महाराष्ट्र कायद्याने तेंदूचा व्यापार राज्याच्या ताब्यात गेला. वनखातं जंगलाचे घटक पाडून ते लिलावाने कंत्राटदारांना देतं, आणि विक्रीतून उरलेल्या रकमेतून पुढे संकलन करणाऱ्यांना प्रोत्साहनाची मजुरी देतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या यादीत तेंदूपानाचं नाव स्पष्ट लिहिलं आणि मालकी वनात राहणाऱ्यांकडे आली. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा त्यानंतर स्वतः लिलाव करू लागल्या. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने उलट वाट घेतली. छाटणीने झाडं खुरटतात, आगी लागतात आणि टेंभरं मिळत नाहीत म्हणून ग्रामसभेने पान तोडायचंच नाही असं ठरवलं. एक खात्रीचा रोख पैसा सोडून गावाने हा निर्णय घेतला, याचा मला फार आदर वाटतो.

टेंभुर्णीच का, याचं उत्तर आता सोपं आहे. पान रुंद, ओलवलं की वाकतं, वाळलं की आकार धरतं, लवकर कुजत नाही, स्वतःची चव सौम्य असते. पूर्वी गुजरात आणि मुंबईकडे बिडीला आपट्याचं पान वापरत, आपण दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तेच. १८९९-१९०० च्या दुष्काळाने गुजरातेतली कुटुंबं मध्य प्रांतात आली तेव्हा त्यांना या जंगलांत टेंभुर्णीचं अमाप पान दिसलं. १९०२ च्या सुमारास मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी जबलपूरला बिडीचा धंदा उभा केला. पुढे रेल्वेने पान आणि बिडी दोन्ही पसरवली, आणि गोंदिया, भंडारा, कामठी ही आपल्या बाजूची केंद्रं झाली.

विदर्भाचं पान वळलं जातं बहुधा दूर. निजामाबाद, सिन्नर, सोलापूर, पार बंगालमधलं जंगीपूर, अशी बिडीची गावं देशभर आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू पद्मशाली घरांतल्या बायकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. कुंभारी इथे बिडी कामगार बायकांनी सहकारातून १०,००० घरांची वसाहत उभारली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली ती घरं त्यांच्या ताब्यात आली.

वळणारीच्या घरी पानाला पुन्हा पाणी मिळतं. रात्री पुडे ओलवून गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सकाळी पान चामड्यासारखं मऊ झालेलं असतं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने आयत कापतात. मधली जाड शीर टाळायची, कारण शिरेवर वळलेली बिडी फुगते आणि एका बाजूने जळते. मोठ्या पानातून दोन तुकडे निघतात, लहानातून एक, खराब पानातून एकही नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा. ही तंबाखू निपाणीच्या पट्ट्यातली किंवा गुजरातच्या चरोतरची, उन्हात वाळवलेली, कुटून बारीक केलेली. एका बिडीत ती साधारण ०.२ ग्रॅम, सिगारेटच्या एक-तृतीयांशाहून कमी. तुकड्यावर चिमूट पसरायची, एका टोकाला जरा जास्त, दोन्ही अंगठ्यांनी तिरकं वळायचं म्हणजे शंकूचा आकार येतो. रुंद टोक आत दुमडून बंद करायचं, अरुंद टोकाजवळ दोऱ्याचे वेढे. सरावाची बाई हे काही सेकंदांत करते आणि बोलणंही थांबत नाही.

मजुरी हजार बिड्यांवर असते. पान आणि तंबाखू वजनाने मिळतात, बिड्या मोजून परत द्यायच्या. ढिली, वाकडी, आखूड असली की ती छाटीत जाते. म्हणून मुकुटबनच्या बाजूला कोणी तांबूस, कच्चं पान पुड्यात घातलं तर त्याची किंमत सोलापुरातली बाई भरते. हजाराला पान पुरत नाही आणि तिला पदरचे पैसे घालून पान विकत घ्यावं लागतं. पान खुडणारी आणि बिडी वळणारी एकमेकींना कधी भेटत नाहीत.

शेवटची पायरी भट्टीची. पंचवीस-पंचवीस बिड्यांचे कट्टे शेकतात आणि वळताना दिलेलं पाणी निघून जातं. पान आक्रसतं, तंबाखू घट्ट धरून बसतं, आणि भाजका वास येतो तो इथेच. शेक कमी पडला तर बिडी मऊ राहते, साठवणीत बुरशी धरते. जास्त झाला तर हातातच तडकते.

सिगारमध्ये आत भरण, त्यावर बांधणीचं पान आणि वर देखणं पान असे तीन थर असतात आणि तिन्ही तंबाखूच असतात. ढिगात महिनोन्‌महिने तापवून त्यातला उग्रपणा घालवलेला असतो, आणि चवीचा मोठा वाटा वरच्या पानाचा. बिडीत एकच थर आणि तो तंबाखूचा नाही. सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो, आपोआप जळत राहतो. टेंभुर्णीचं पान हवा आत घेत नाही, म्हणून न ओढता ठेवली की बिडी विझते. ओढणाऱ्याला वारंवार आणि जोरात ओढावी लागते. तंबाखू थोडी, कागद नाही, म्हणून बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, असा समज खेड्यापाड्यांत आहे आणि तो चूक आहे. या जोरदार ओढण्यामुळेच डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातात. तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग आणि हृदयविकार बिडीने होतात. वळणारीच्या छातीतही रोज तंबाखूची धूळ जाते. आकार लहान असल्याने यातलं काही कमी होत नाही, छोट्या सिगारलाही हे तितकंच लागू आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आणली. पाकीट घ्यावं लागलं तर त्यावरचा इशारा तरी डोळ्यांसमोर येतो, हा त्यामागचा विचार.

कारागिरी पाहायला बिडी पेटवावी लागत नाही. कट्टा उघडून एक बिडी उजेडात धरा. पान हिरवट-तपकिरी आणि एकरंगी असेल तर ते वेळेवर खुडलं आणि पावसाविना वाळलं. काळे डाग असतील तर फळीवर ओल लागली होती. अंगावरून बोट फिरवा, जाड शीर लागली तर कापणारीला पान अपुरं मिळालं असणार. रुंद टोक खाली करून हलवा, दुमड नीट असेल तर चुरा सांडत नाही. हलकेच दाबा, सगळीकडे सारखा दाब लागला तर वळण बरोबर. दोऱ्याचा रंग लाल असो, काळा असो की गुलाबी, तो फक्त कारखान्याची खूण असतो.