थंडीआधी घर लिंपून घेऊ या



हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा पाऊस ओसरू लागलेला असेल. थंडीचा विचार कोणाच्या मनातही नसेल. पण सातपुड्यातील पाड्यांवर थंडीची तयारी करायची ती याच दिवसांत. दिवाळीनंतर ती करायला अनेक घरांत कामाची माणसेच उरत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी हे डोंगराळ तालुके. भिल्ल व पावरा बांधवांची घरे एकमेकांपासून दूर, आपापल्या शेतात, उघड्या उतारावर असतात. तोरणमाळचे पठार ११०० मीटरहून उंच आहे. तेथे आणि डाबच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठून पांढरे पडते. दिवाळी झाली की बरीच धडधाकट माणसे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत व इतरत्र जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि पुष्कळदा त्यांच्या भरवशावर ठेवलेली मुले.

थंडी घरात कोठून शिरते?

पुष्कळ घरांच्या भिंती कुडाच्या, म्हणजे चिरलेल्या बांबूच्या विणलेल्या, आणि वरून मातीशेणाने लिंपलेल्या असतात. चार महिन्यांच्या पावसाने हा लेप धुपतो, जागोजागी गळून पडतो आणि कुड उघडा पडतो. त्यातून रात्रीचा वारा थेट आत येतो. पावसात व माकडांच्या उड्यांनी कौले सरकतात. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये, वळचणीखाली, फट असते ती वेगळीच. चूल कितीही पेटवली तरी तिची ऊब या वाटांनी निघून जाते.

उपाय घरच्याच सामानाचा आहे. चिकण माती, शेण आणि बारीक केलेला पेंढा किंवा भुसा एकत्र कालवून चिखल दोन-तीन दिवस मुरू द्यावा. पेंढ्याच्या काड्या माती धरून ठेवतात, त्यामुळे लेपाला भेगा कमी पडतात. पहिला हात फटी बुजवण्यासाठी जाड द्यावा. तो वाळला की दुसरा पातळ द्यावा. हिवाळ्यात वारे बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून येतात, म्हणून त्या बाजूची भिंत आधी घ्यावी. जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन साठवते आणि रात्री ती ऊब हळूहळू आत सोडते. मात्र लेप खडखडीत वाळायला ऊन लागते. ते ऑक्टोबरात भरपूर मिळते. डिसेंबरात लिंपलेली भिंत ओली राहते आणि घर उलट गार करते.

गरम हवा वर जाते, म्हणून कौले नीट बसवून झोपण्याच्या जागेवर बांबूच्या तट्ट्याचे आढे करावे. मक्याची कणसे ठेवण्याचा माळा असेल, तर त्याखालीच अंथरूण घालावे. साठवलेले धान्यही ऊब अडवते.

अंथरूण आधी, पांघरूण नंतर

पांघरूण ऊब निर्माण करत नाही, अंगाची ऊब धरून ठेवते. निम्मी थंडी खालून लागते, हे आपण विसरतो. ओलसर जमिनीवर झोपणाऱ्याला वरून दोन ब्लँकेटे दिली तरी पाठ गारच राहते. बारदानात कोरडा पेंढा भरून केलेली गादी आणि तिच्याखाली प्लास्टिकचा कागद, एवढ्याने मोठा फरक पडतो. बाजेवर झोपणाऱ्यांनीही खाली गोधडी घालावी, कारण बाजेखालून वारा वाहतो.

घर बंद करा, धुराची वाट नको

येथे एक धोका सांगणे भाग आहे. घर बंदिस्त करताना चुलीच्या वरची धुराची वाट कधीही बुजवू नये. घमेल्यात निखारे घेऊन, दार लावून झोपणे तर जिवावर बेतते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. झोपण्यापूर्वी निखारे घराबाहेर काढावेत. पेंढ्याची गादी आणि लहान मुले चुलीपासून लांब ठेवावीत.

घरात तान्हे बाळ असेल तर पहिला दिवस त्याला आंघोळ घालू नये. डोक्याला टोपडे बांधून त्याला आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना पांघरूण घालावे. बाळाचे पायच नव्हे तर पोटही हाताला गार लागले, तर त्याला तसेच छातीशी धरून दवाखान्यात न्यावे आणि आशाताईंना लगेच कळवावे.

आपण काय करू शकतो?

आपण प्रेमाने पाठवलेली ब्लँकेटे बहुधा नाताळच्या सुमारास येतात. ती अवश्य पाठवा, पण शक्य असल्यास दिवाळीपूर्वी पाठवा. म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांनाही ती बरोबर नेता येतील. तिकडे पाचट आणि प्लास्टिकच्या कोपीत रात्र काढावी लागते. मुलांच्या कानटोप्या, पायमोजे आणि धड असलेले स्वेटर यांचा उपयोग सर्वांत अधिक. ज्यांना रोख मदत करायची आहे त्यांनी ती कौले, बांबू आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांच्या लिंपणाच्या मजुरीसाठी द्यावी. तरुण संघांनी दोन दिवसांची सहल काढून एका पाड्यावर मातीत हात घातले, तर त्याहून उत्तम. एक ब्लँकेट एका अंगाला ऊब देते. एक लिंपलेली भिंत सगळ्या घराला देते.

गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्याआधी ते परत करावे, अशी आज्ञा निर्गमाच्या पुस्तकात आहे. गरिबाची रात्र कशी जाते याची देवाला एवढी काळजी आहे. या हिवाळ्यात डोंगरावर एकट्या राहिलेल्या आजीआजोबांसाठी, त्यांच्याजवळच्या मुलांसाठी आणि वाटेवरच्या कुटुंबांसाठी आपल्या प्रार्थना असू द्याव्यात. प्रार्थनेबरोबर हातही पुढे यावेत, आणि ते वेळेवर यावेत, ही नम्र विनंती.