बारा घरांचं पाकीट

जपानमध्ये शिकवणीची महिन्याची फी, म्हणजे ‘गेश्शा’, बरेच जण पाकिटातून देतात. पाकिटावर बारा महिन्यांची बारा घरं छापलेली असतात. पैसे मिळाले की शिक्षकाने त्या महिन्याच्या घरात शिक्का उमटवून पाकीट परत द्यायचं. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या बाईंनी असं कोरं पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं, आणि मला ते घेता आलं नाही.

त्यांचा मुलगा नववीत. ‘एइकेन’ या इंग्रजीच्या परीक्षेत तिसऱ्या श्रेणीची लेखी सुटली होती, तोंडी उरली होती. कार्डावरचा छोटा उतारा मोठ्याने वाचायचा, मग पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. उतारा पोरगा नीट वाचायचा, पण पहिला प्रश्न आला की आवाज घशातच अडकायचा. शनिवारी तासभर समोर बसवून बोलतं करायला हवं होतं, बस.

मी तोक्योत सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझा राहण्याचा परवाना ‘क्योइकु’, म्हणजे शाळेत शिकवण्यापुरता. तेच इंग्रजी घरी पैसे घेऊन शिकवलं की ते वेगळं काम ठरतं. त्यासाठी इमिग्रेशनकडून ‘शिकाकुगाइ’ म्हणजे परवान्याबाहेरच्या कामाची परवानगी आधी काढावी लागते. ‘आठवड्याला 28 तास चालतात’ असं कुणी ना कुणी हमखास सांगतं. ती सवलत मुख्यतः विद्यार्थ्यांना आणि नोकरदाराबरोबर आलेल्या जोडीदाराला, मुलांना. मला काम दाखवून वेगळा अर्ज करावा लागणार होता. विनापरवानगी शिकवलं तर कायद्यात 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20 लाख येनपर्यंत दंड आहे.

फुकट शिकवते म्हटलं, तर बाईंना ते पटेना. पैसे नकोत तर भाजीची पेटी पाठवते, म्हणाल्या. पण मोबदला रोख नसला म्हणून तो मोबदला नाही असं थोडंच आहे!

आधी शिक्षण मंडळाची लेखी संमती काढली. मुलगा दुसऱ्या शाळेतला होता म्हणून ती मिळाली. मग शिनागावाच्या इमिग्रेशन कचेरीत कोणाला, कुठे, किती तास, किती पैसे, हे सगळं कागदावर मांडून अर्ज दिला. फी काही नाही, पण थांबावं लागतं. मला पाच आठवडे लागले.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी सरसकट बंद केली आहे. इथे विचारलं तर वाट आहे, आणि हे मला जास्त बरोबर वाटतं. मात्र ही परवानगीची गोष्ट नोकरीच्या करारावर सही घेतानाच सांगायला हवी. परक्या देशात नव्याने आलेल्या मुलीपुढे कुणी प्रेमाने पाकीट धरतं, ती ते भाबडेपणाने घेते आणि परवाना धोक्यात येतो तो तिचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. केवळ स्वभावाने भित्री म्हणून मी विचारलं आणि वाचले.

परवानगी आली तोवर तोंडी परीक्षा होऊन गेली होती, आणि पोरगा नापास झाला होता. लेखी पुन्हा द्यावी लागत नाही, ती सूट वर्षभर टिकते. फेब्रुवारीत त्याला फक्त तोंडीला बसायचं होतं. पहिल्या शनिवारी त्याने तेच पाकीट आणलं. मी डिसेंबरच्या घरात शिक्का उमटवला. आधीची अकरा घरं कोरीच होती. मग त्याने कार्ड उचललं, उतारा वाचला, आणि मी पहिला प्रश्न विचारला.