फिरते अंक

मुलांनो, वही आणि पेन्सिल घ्या. वहीत ही संख्या लिहा : १४२८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दिसायला ती साधी आहे. आता तिला २ ते ६ या अंकांनी गुणा.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

नीट पाहा. प्रत्येक उत्तरात तेच सहा अंक आहेत. त्यांचा क्रमही मोडलेला नाही. गोल चकतीवर लिहिलेले अंक चकतीबरोबर फिरावेत, तसे ते फिरतात. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते. आणि ७ ने गुणले तर? उत्तर येते ९९९९९९!

काही जण याला जादू म्हणतील आणि गप्प बसतील. तुम्ही मात्र विचारा, “असे का होते?”

कारण शोधण्यासाठी १ ला ७ ने भागा. १ ला ७ चा भाग जात नाही, म्हणून पुढे शून्य घेऊन १० करा. १० ला भाग १, बाकी ३. ३० ला भाग ४, बाकी २. २० ला भाग २, बाकी ६. ६० ला भाग ८, बाकी ४. ४० ला भाग ५, बाकी ५. ५० ला भाग ७, बाकी १. पुन्हा १ आला! म्हणजे आपण जेथून निघालो तेथेच परत आलो. आता १४२८५७ हेच अंक पुन्हा पुन्हा येत राहतील.

‘बाकी’ हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. सगळे रहस्य या बाकीतच आहे. ७ ने भागताना भाग पूर्ण गेला नाही, तर बाकी १ ते ६ यांपैकीच उरते. येथे त्या सहाही बाक्या एकेकदा आल्या. २ ला ७ ने भागायचे असेल, तर वरच्या भागाकारात बाकी २ आली तेथून पुढे चला. अंक मिळतात २, ८, ५, ७, १, ४. हीच आपली दुप्पट संख्या!

या संख्येचा आणखी एक गुण पाहा. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे दोन भाग करून बेरीज करा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ हीसुद्धा तशीच संख्या आहे. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. ते मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. तरीही संख्यांशी खेळता खेळता त्यांनी लावलेले शोध आज जगभर ओळखले जातात.

आता तुमची पाळी. १ ला १७ ने भागा. सोळा अंक येईपर्यंत थांबू नका आणि सुरुवातीचे शून्य गाळू नका. मग त्या अंकांना २ ने गुणा. काय दिसते, ते वर्गात सांगा. आणि ‘का’ तेही सांगा.