रानांतील जनावरांची मोजदाद

रानडुकरांनीं भुईमूग उकरला कीं, "यंदां जनावरें दुप्पट झालीं" असें गांवोगांव बोललें जातें. तें खरेंही असेल. परंतु दुप्पट म्हणजे किती, हें सांगण्यास आधार पाहिजे. नजरेनें ठरविलेली पैसेवारी व पीक कापून, वजन करून काढलेली पैसेवारी यांत किती अंतर पडतें, हें शेतकरी बंधूंस सांगणें नको. रानांतील मोजदादीसही तोच न्याय लागू आहे.

सर्व जनावरें मोजणें अशक्य. म्हणून नमुन्यावरून अंदाज काढावा लागतो. डेन्मार्कच्या पीटरसन यांनीं माशांस व अमेरिकेच्या लिंकन यांनीं १९३० सालीं बदकांस लावलेली रीत साध्या त्रैराशिकाची आहे. समजा, पहिल्या खेपेस ४० जनावरें धरून, खूण करून सोडलीं. दुसऱ्या खेपेस ५० सांपडलीं. त्यांत १० खुणेचीं निघालीं. म्हणजे पांचांत एक खुणेचें. खुणेचीं एकंदर ४०. सबब सर्व मिळून सुमारें २००. अटी तीन: खूण पुसली जाऊं नये, मध्यंतरीं आवक-जावक होऊं नये, व सांपडलेलें जनावर पिंजऱ्यास बुजूं नये. बुजल्यास खुणेचीं कमी सांपडून आंकडा फुगतो.

वाघाचे पट्टे प्रत्येकाचे निराळे. तीच त्याची खूण. म्हणून आतां रानांत कॅमेरे लावून छायाचित्रांवरून वाघ ओळखितात. पूर्वीं पंजाच्या ठशांवरून गणना होई. त्या रीतीचा भरंवसा किती, हें राजस्थानांतील सरिस्का येथें दिसलें: कागदोपत्रीं वाघ होते, परंतु २००५ सालीं तेथें एकही उरला नसल्याचें उघड झालें. चुकीच्या आंकड्यानें चोरटी शिकार झांकली जाते. नव्या रीतीनें २००६ सालीं देशांत १,४११ व २०२२ सालीं ३,६८२ वाघांचा अंदाज निघाला.

डुकरांस पट्टे नाहींत. त्यांच्याकरितां ठराविक सरळ रेषांवर चालून दिसलेलीं जनावरें व त्यांचें अंतर नोंदवितात. दूरचीं कमी दिसतात, ती तूट गणितानें भरून काढितात.

आपण एक भेद ध्यानांत ठेवावा. एकच कळप एका रात्रींत दहा शेतें तुडवितो व अर्ज दहा होतात. अर्जांवरून नुकसान कळतें, जनावरांची संख्या नव्हे. म्हणून पंचनाम्यांत तारीख, गट नंबर, क्षेत्र व ठशांचें छायाचित्र अवश्य यावें. आणि जनावरांचा आंकडा कोणीं सांगितल्यास तो कोणत्या रीतीनें काढला व त्यांत कमीजास्त किती धरलें, हें ग्रामसभेंत विचारावें. भरपाई नुकसानीवर ठरते, बंदोबस्त संख्येवर. दोन्ही नोंदी निरनिराळ्या व चोख असल्या तरच आपलें गाऱ्हाणें टिकेल.