ध्वनी, अक्षर आणि भाषा

दूरचित्रवाणीवरील बोलणे प्रेक्षकापर्यंत न पोहोचण्याची दोन कारणे संभवतात. एक, ते त्याला ऐकू येत नाही. दुसरे, ते ऐकू येते, परंतु ती भाषा त्याला अवगत नसते. पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी या दोन्ही अडचणींवर उपयोगी पडतात आणि म्हणून आपण त्यांना उपशीर्षके हे एकच नाव देतो. वास्तविक ही दोन भिन्न कामे आहेत. समभाषी उपशीर्षकांत उच्चारलेले शब्द त्याच भाषेत लिहिले जातात. शिवाय दाराची घंटा, बंदुकीचा आवाज, पडद्याआडचे हसणे यांचीही नोंद केली जाते. अनुवादित उपशीर्षकांत एका भाषेतील आशय दुसरीत उतरवला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ४ कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तेथे हा भेद केवळ परिभाषेपुरता उरत नाही.

या सोयीचा आरंभ कर्णबधिरांसाठी झाला. १९७२ साली बोस्टन येथील डब्ल्यूजीबीएच या केंद्राने जूलिया चाइल्ड यांचा पाककृतींचा कार्यक्रम उपशीर्षकांसह देशभर दाखविला. ती उपशीर्षके सर्वांनाच दिसत. ज्यांना हवीत त्यांनाच ती दिसावीत, यासाठी १९७६ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने दूरचित्रवाणीच्या चित्रातील एकविसावी रेषा राखून ठेवली. ही रेषा दृश्य चित्राच्या वर, पडद्याबाहेर राही. तिच्यातून अक्षरांचे संकेत पाठविले जात. १६ मार्च १९८० रोजी या पद्धतीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. संकेतांचे अक्षरांत रूपांतर करणारे यंत्र मात्र प्रेक्षकाला वेगळे विकत घ्यावे लागे. १९९० च्या कायद्याने ही अडचण दूर केली. १ जुलै १९९३ पासून तयार होणाऱ्या १३ इंच व त्याहून मोठ्या प्रत्येक संचात हे यंत्र बसविणे बंधनकारक झाले. पुढे २००९ साली मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण थांबले; आता हेच संकेत अंकीय प्रवाहातून जातात.

जुन्या पद्धतीत एका ओळीत फार तर ३२ अक्षरे मावत. इंग्रजी वाक्य स्पॅनिशमध्ये आणले की सामान्यतः ते लांबते. त्यामुळे अनुवादकाला आशय राखून शब्द गाळावे लागत. अक्षरांवरील चिन्हांचा प्रश्नही क्षुल्लक नव्हे. स्पॅनिशमध्ये ‘पापा’ या शब्दातील शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह असेल तर त्याचा अर्थ वडील असा होतो. ते गळाले तर लॅटिन अमेरिकेतील वाचकाला तेथे बटाटा दिसेल. ऐकणाऱ्याला उच्चारावरून हा भेद कळतो. केवळ वाचणाऱ्यापाशी ते एक चिन्हच असते.

१९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार आयोगाने केलेले नियम १ जानेवारी १९९८ पासून अंमलात आले. काही अपवाद वगळता सर्व नव्या इंग्रजी कार्यक्रमांना उपशीर्षके देण्यासाठी १ जानेवारी २००६ ही मुदत ठरली. स्पॅनिश कार्यक्रमांसाठी ती १ जानेवारी २०१० होती. बोलण्याच्या वेगाने स्पॅनिश टंकित करू शकणारे प्रशिक्षित लघुलेखक थोडे होते, हे या सवलतीमागील एक कारण होते. कारण रास्त असले तरी त्याची किंमत स्पॅनिशभाषी कर्णबधिरांनी चार वर्षे अधिक वाट पाहून मोजली. इंग्रजी व स्पॅनिश सोडून अन्य भाषांतील कार्यक्रमांना तर या बंधनातून सूटच मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा कायदा समभाषी उपशीर्षकांची हमी देतो, अनुवादाची नव्हे. इंग्रजी कार्यक्रमाला स्पॅनिश ओळी किंवा स्पॅनिश मालिकेला इंग्रजी ओळी देणे हे प्रक्षेपकाच्या इच्छेवर आणि हिशेबावर अवलंबून असते. त्यासाठी साधने होतीच. १९८४ साली मान्य झालेल्या ध्वनिपद्धतीत दुसऱ्या भाषेसाठी स्वतंत्र ध्वनिमार्ग होता. उपशीर्षकांच्या चार मार्गांपैकी तिसरा बहुधा दुसऱ्या भाषेला दिला जाई. २०१२ मध्ये युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीने आपल्या सायंकाळच्या प्रमुख मालिकांना इंग्रजी उपशीर्षके देण्यास प्रारंभ केला. स्थलांतरितांच्या ज्या मुलांची मुख्य भाषा इंग्रजी झाली होती, त्यांना घरच्या मंडळींबरोबर त्या मालिका पाहता याव्यात, हा त्याचा उघड उपयोग होता.

स्पॅनिशभाषी घरातील एखाद्या कर्णबधिर मुलाचा विचार केला म्हणजे या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट होते. आई-वडील स्पॅनिश बोलतात. मूल शाळेत अमेरिकन सांकेतिक भाषा आणि लिखित इंग्रजी शिकते. घरात लागलेल्या स्पॅनिश मालिकेला कायद्याप्रमाणे स्पॅनिश उपशीर्षके असतात. पण त्या मुलाला स्पॅनिश वाचता येत नाही. ध्वनीचे अक्षर झाले, तरी अक्षर त्याच्या भाषेत आले नाही. त्याला इंग्रजी ओळी मिळाल्या तरच ते आई-वडिलांच्या शेजारी बसून, ते ज्या प्रसंगाला हसतात त्याच प्रसंगाला, त्याच क्षणी हसू शकेल. पहिल्या सोयीला तेथे हक्काचे रूप मिळाले आहे. दुसरी अद्याप सौजन्याच्या पायरीवरच उभी आहे.